निकेशचा कोनाडा

माझा आवाज मोठा आणि तोंड त्याहून मोठं, म्हणून चर्चमधली सगळी कामं माझ्याच गळ्यात येऊन पडतात. हे काम मात्र मी आपणहून अंगावर घेतलं होतं. दुसऱ्या कुणाला शिव्या घालायची सोयच ठेवली नाही.

पनवेलच्या आमच्या चर्चची दफनभूमी लहान आहे. पूर्वी पुरायची. आता खारघरपासून तळोज्यापर्यंत टॉवर उभे राहिले, माणसं वाढली, तशी मरणारीही वाढली. म्हणून तीन वर्षं झाली की कबर उघडतात आणि नव्या माणसाला जागा करून देतात. घरचे आले तर अस्थी त्यांच्या हाती देतात. नाही आले तर कोपऱ्यातल्या विहिरीत टाकतात. विहीर म्हणायचं आपलं, पाणी नाही तिच्यात. लोखंडी झाकणाचा सिमेंटचा खोल खड्डा. आत सगळे एकत्र, कोण कुणाचा ते देवालाच ठाऊक.

माझा मुलगा निकेश तिथल्या एका कबरीत होता. न्हावा शेव्याला डॉकवर कामाला जायचा. बाईकवरून घरी येताना ट्रेलरखाली गेला. चोवीस वर्षांचा होता. गेल्या दिवाळीच्या आधी त्याला जाऊन तीन वर्षं झाली.

दयाराम, म्हणजे माझे मिस्टर, त्याला पुरून आले ते परत चर्चला गेलेच नाहीत. फॅक्टरीतली शिफ्ट आणि घर, बस्स. आधी मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, पेटी वाजवायचे. ती पेटी कॉटखाली गेली. जूनमध्ये एकदा जेवता जेवता म्हणाले, "कीर्ती, तो विहिरीत जाता कामा नये. तेवढं बघ."

तीन वर्षांत त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, "मी जिवंत असेपर्यंत जाणार नाही."

म्हणून ती संगीत संध्या. आमचे फादर नवीन होते. दफनभूमीत अस्थी ठेवायला कोनाड्यांची भिंत बांधावी असं त्यांच्या मनात होतं, पण चर्चकडे तेवढं बळ नव्हतं. मी म्हटलं, "फादर, गाण्याचा कार्यक्रम ठेवू. दान मागितलं की लोकांना कामं आठवतात. गाणी ऐकायला मात्र सहकुटुंब येतील." फादर हसले आणि म्हणाले, "मग कीर्तीबाई, तुम्हीच घ्या हातात." घेतलं.

काय सांगू, डोक्याचा भुगा झाला. मल्याळी मंडळींना शेवटी गायचं होतं, गोवेकरांनाही शेवटी, आणि आमच्या मराठी बायका म्हणत होत्या की आम्ही पहिल्यांदा मुळीच गाणार नाही, तेव्हा हॉल रिकामा असतो. सगळ्यांना झापून, गोंजारून, पुन्हा झापून एकदाची यादी ठरवली. मोठ्ठी रंगीत पोस्टरं छापून घेतली. चर्चच्या दारापाशी एकच फलक आहे, त्यावर नेहमीचे कागद असतात, मिस्सेच्या वेळा, लग्नांची नावं, ऑफिसातल्या इंग्रजी याद्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर मी सगळ्यात मोठं पोस्टर अगदी मधोमध लावलं. घाईत होते. चारी कोपऱ्यांत टाचण्या दाबल्या, लांब जाऊन बघितलं, वाकडं नव्हतं. मला बरं वाटलं.

मिस्सेच्या शेवटी सूचना वाचतात. ते तीन रविवार माईक माझ्या हातात होता. हा येणार, तो गाणार, पास अमक्याकडे, मुलांना आणा, शेजाऱ्यांना आणा. वेदीचं बघणारा धर्मराज मागून मनगटावर बोट आपटून दाखवायचा, काकू, वेळ झाली. मग घाईघाईने म्हणायचा, "बाकीच्या सूचना फलकावर आहेत, वाचून घ्या." त्या धांदलीत मी निकेशच्या कबरीवरही गेले नाही. म्हटलं, त्याचंच तर काम करतेय.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी कार्यक्रम झाला. हॉल भरून लोक दारात उभे राहिले. आणि मिस्टर आले. कॉटखालची पेटी पुसून घेऊन आले. मराठी बायकांच्या मागे बसून तीन गाणी वाजवली. एका सुरावर हात थांबला, मला वाटलं आता उठून जातात, पण नाही, पुढे वाजवलं. फादरांनी जाहीर केलं की भिंत होणार. मी सगळ्यांसमोर रडले आणि मला लाज वाटली नाही. घरी येताना रिक्षात मिस्टर म्हणाले, "खालच्या रांगेतला घेऊ. गुडघे गेले तरी हात पुरेल."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर मिस्सेला आले. मिस्सेनंतर फादरांनी त्यांना भिंतीचा नकाशा दाखवायला ऑफिसात नेलं, आणि मी पोस्टर काढायला फलकापाशी गेले. टाचण्या उपटल्या. पोस्टर निघालं. खाली एक कागद होता, अगदी कोरा करकरीत, कारण त्याला ऊन लागलंच नव्हतं. उघडायच्या कबरींची यादी. अस्थी हव्या असतील त्यांनी बुधवारपर्यंत ऑफिसात कळवावं, आणि तो बुधवार होऊन गेला होता. सातवं नाव निकेशचं.

दरवर्षी कबरी जानेवारीत उघडतात. गेल्या पावसाळ्यात फार माणसं गेली, जागाच उरली नव्हती.

मी धर्मराजला हाक मारली. तो आला, कागद बघितला, माझ्या हातातलं पोस्टर बघितलं.

"काकू, गुरुवारी उघडल्या," तो म्हणाला. "तुम्ही रोज फलकापाशी असायचात. मला वाटलं, वाचलंच असणार. तुम्हाला ते बघवणार नाही म्हणून आला नसाल."

"आणि फोन?"

"ऑफिसातून लावला होता. बंद लागला."

कुठला नंबर ते मी विचारलं नाही. चर्चचा कुटुंबाचा फॉर्म निकेशने भरला होता, पहिला नंबर स्वतःचा लिहून. तो फोन माझ्या कपाटात साड्यांखाली आहे.

मिस्टर नकाशा बघून परत आले. चेहरा उजळला होता, तीन वर्षांनी. "पूर्वेकडे तोंड आहे," म्हणाले. मी यादीवर बोट ठेवलं. त्यांनी सावकाश वाचली, खालची तारीख पुन्हा वाचली. मग माझ्या हाताकडे बघितलं.

"हे तू लावलं होतंस?"

"हो."

ओरडले असते तर मला सोसलं असतं. मी स्वतः आयुष्यभर ओरडत आले आहे, मला ओरडणं कळतं. त्यांनी पोस्टर माझ्या हातातून घेतलं, चार घड्या घातल्या आणि बाकावर ठेवून घरी गेले. संध्याकाळी पेटी कॉटखाली होती.

ईस्टरच्या आधी भिंत उभी राहिली. फादरांनी माझी पुन्हा पुन्हा माफी मागितली, जणू चूक त्यांची होती, आणि खालच्या रांगेतला पहिला कोनाडा निकेशच्या नावाने दिला. संगमरवरावर नाव छान कोरलं आहे. लोक येता जाता तिथे थांबतात, मला म्हणतात, कीर्तीबाई, तुमच्यामुळे झालं हो. मी दर रविवारी तो पुसते आणि झेंडूची फुलं ठेवते.

मिस्टरही आता दर रविवारी येतात. मिस्सेला नाही, सरळ दफनभूमीत. कोपऱ्यात जाऊन विहिरीच्या झाकणापाशी उभे राहतात. मागच्या रविवारी मी म्हटलं, "अहो, इकडे या ना. इथे बसायला सावली आहे."

त्यांनी वळून कोनाड्याकडे बघितलं.

"तिथे कोण आहे?" म्हणाले, आणि पुन्हा झाकणाकडे तोंड करून उभे राहिले.