म्हशीच्या घमेल्यातली लाल गोळी

चैताचं ऊन सकाळीच पत्र्यावर चढलं होतं. निशा गोठ्यात म्हशीपुढचं घमेलं घासायला वाकली, तर तळाला चिकटलेल्या पेंडीत तिला लाल काहीतरी दिसलं. बोटानं उकरलं. गोळी निघाली. अर्धी विरघळलेली, पण ओळखू येण्यासारखी.

निशा पोटुशी होती. शेंद्र्याच्या कंपन्या जिथून दिसतात त्या वस्तीवर तिचं सासर. आशाताई हसीनानं तिचं रक्त तपासून घेतलं होतं, ते कमी निघालं, आणि तेव्हापासून रक्तवाढीच्या लाल गोळ्यांची पाकिटं घरात यायला लागली. ती सासूच्या, पारूबाईच्या ताब्यात जायची.

"ह्या गोळ्यांनी लेकरू काळं व्हतं," पारूबाई म्हणायची. "अन् लई मोठं झालं तर पोट फाडाया लागतं. आमी काय गोळ्या खाऊन बाळंत झालो व्हय?"

इकडं भाकरी थापताना निशाच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. नवरा केशव कंपनीतून यायचा, जेवायचा, झोपायचा. आईपुढं त्याचं तोंड फक्त घास घ्यायला उघडायचं.

गोळी मुठीत धरून निशा ओट्यावर आली.

"आत्याबाई, ही म्हशीच्या घमेल्यात कशी गेली?"

पारूबाई तांदूळ निवडत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. "मीच टाकली. चांगला माल उकिरड्यावर कामून फेकू? गाभण हाय ती. ताकद येईल."

"अन् मी कोण हाय?"

"तुला काय धाड भरली? दोन टायमाला जेवती की."

निशा आत गेली, गोधडी काढली, गोठ्यात म्हशीशेजारी अंथरली आणि मांडी घालून बसली. म्हशीनं एकदा हुंगून पाहिलं अन् रवंथ सुरू ठेवला.

सासरा कडुबा रानातून आला, तो दारातच थबकला. "सूनबाई, हितं कामून बसली?"

"मामा, मपल्या गोळ्या हिच्या पोटात चालल्यात. म्हणून मी बी हिकडंच राह्यला आले. हिला पेंड हाय, गूळ हाय, डॉक्टरनं दिलेली पावडर हाय. मला बी चार घास मिळतील."

कडुबाला हसू फुटत होतं, पण बायको ओट्यावर उभी होती. त्यानं ते मिशीतच दाबलं. "मंग आता काय आणू, गूळ का पेंड?" त्यानं हळूच विचारलं.

"चाळे करू नका!" पारूबाई ओरडली, आणि तिथंच चुकली. आवाज ऐकून शेजारच्या बाया गोळा झाल्या.

"सून गोठ्यात कामून बसली वं?"

"घरात उकडतंय तिला," पारूबाई म्हणाली.

"नाय वो!" निशा आतून खणखणीत बोलली. "ह्या घरात गाभणीला खुराक हाय, पोटुशीला नाय!"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पारूबाईचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. तेवढ्यात हसीना आलीच. सगळं ऐकून ती गोठ्याच्या उंबऱ्यावर टेकली.

"पारूमावशी, म्हशीला आत्तापास्नं पावडर कामून देता?"

"व्यायल्यावर बसली तर उठत नाय. आधीच सोय केलेली बरी."

"मंग सून बाळंतपणात अशी बसली तर? रगत आधीच कमी, त्यात जास्त गेलं, तर शहरात गाडी पोचेस्तवर काय करायचं?"

पारूबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "पर लेकरू काळं..."

"लेकरू नाय काळं व्हत. संडास काळी व्हती, तेवढंच."

ह्यावर कडुबासुद्धा हसला. पारूबाई तरातरा गोठ्यात शिरली. "ऊठ. माझी अब्रू घालवू नको. गोळी देते."

"नुसती गोळी?"

"शेंगदाण्याचा लाडू देते. शेवग्याचा पाला बी करते."

"अन् अंडं," हसीना म्हणाली.

"अंडं? आमच्या घरात कुणी शिवत नाय!"

"मी आणतो की," कडुबा पटकन बोलून गेला. "नाक्यावरचा अंडेवाला वळखीचा हाय. आपल्याला उकडून बी देतो."

पारूबाईनं नवऱ्याकडं अशी नजर टाकली, की तो म्हशीचं दावं सारखं करायला लागला.

त्या दिवसापासून पारूबाई रोज लिंबूपाणी घेऊन सुनंपुढं उभी राहायची. गोळी गिळून झाली तरी जीभ बाहेर काढून दाखवायला लावायची. गोळीवर चहा मागितला, तर कप हिसकून घ्यायची. "हसीनानं सांगितलं नाय का, चहानं गोळीचा गुण जातो म्हणून?"

पुढच्या तपासणीला ती स्वतः निशासंगं उपकेंद्रात गेली. निशाचं रक्त वाढलेलं निघालं. पारूबाईनं तिथल्या साऱ्या बायांना ऐकवलं, "मपल्या हातानं चारलं म्हणून!" बोलता बोलता तिला धाप लागली, तशी ती भिंतीला टेकली. नर्सबाईनं ते पाहिलं आणि तिचंही बोट टोचलं.

सासूचं रक्त सुनेपेक्षा कमी निघालं.

संध्याकाळी ओट्यावर निशा एका हातात गोळी, दुसऱ्यात लिंबूपाणी घेऊन उभी होती.

"आ करा, आत्याबाई."

"तिथं ठिव. घेते मंग."

"नाय. मपल्यासमोर."

पारूबाईनं इकडं तिकडं पाहिलं, डोळे मिटले आणि गोळी गिळली. कडुबा भिंतीला टेकून खदाखदा हसत होता.

"दात काढू नका," पारूबाई तोंड पुसत म्हणाली. "उद्या तुमचं बी बोट टोचायला हसीनाला बोलावलंय."

कडुबाचं हसू जागच्या जागी थिजलं. आणि निशा पोट धरून हसत खाली बसली.