लग्नाचं पांढरं पातळ

कपड्यावरून माणूस ओळखता येतो असा माझा तेव्हा पक्का समज होता. इंदापूरला एसटी स्टँडच्या मागं माझं शिलाईचं दुकान होतं आणि सव्विसाव्या वर्षी कुठल्याही टेलरला आपण फार शहाणे आहोत असं वाटतं, तसं मलाही वाटायचं. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात पळसदेवला सिनेमावाले आले आणि त्यांच्यातल्या एक बाई माझं दुकान शोधत आल्या, तेव्हा तर मी हवेतच गेलो.

बाईंचं नाव सुधाताई. त्या पुण्याच्या. सिनेमात कुणी काय घालायचं ते त्या ठरवायच्या. उजनी धरणाचं पाणी उतरून जुनं देऊळ उघडं पडलं होतं, तिथं त्यांना लग्नाचा प्रसंग घ्यायचा होता. उसवायला, टाचायला, आखूड-लांब करायला जवळपासचा माणूस हवा होता. मी दुकानाला कुलूप लावलं आणि मशीन टेम्पोत टाकलं.

आठ दिवसांत त्या बाईंनी माझ्या शहाणपणाची पार शिलाई उसवली. कोरी धोतरं त्या चहाच्या पाण्यात बुडवून काढायच्या, कारण कोरं पांढरं कॅमेऱ्यात भगभगतं. नवरीच्या बापाचा कोट त्यांनी मला मुद्दाम खांद्यात सैल ठेवायला लावला. म्हणाल्या, "हा कोट त्यानं मागून आणलाय, हे तो तोंड उघडायच्या आधी कळलं पाहिजे." मी जन्मभर मापात शिवायची धडपड केली आणि ही बाई माप चुकवून माणूस उभा करत होती. मला ते काम इतकं आवडलं की रात्री झोपेतसुद्धा मी टाचण्या शोधायचो. एक दिवस त्या म्हणाल्या, "पावसाळ्यानंतर पुण्यात दुसरं पिक्चर आहे. असंच डोकं चालवलंस तर तुला घेऊन जाईन." त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही.

लग्नाच्या गर्दीसाठी चाळीसेक बायका हव्या होत्या. मी आसपासच्या वस्त्यांवर आणि कळसला माझ्या मावशीकडं निरोप धाडला, लग्नाचा सीन हाय, चांगलं नेसून या. आता चांगलं म्हणजे काय, हे मी सांगितलं नाही. सांगायचं असतं हे मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून बायका उतरल्या. बाकीच्या वस्त्यांवरच्या हिरव्या, लाल, जांभळ्या. त्यांच्यामागून माझी ताईबाई मावशी उतरली, निळ्या काठाचं पांढरंशुभ्र पातळ नेसून. तिच्या लेकीच्या, मोनालीच्या लग्नासाठी बारामतीहून आणलेलं. आमच्यात नवरीसुद्धा पांढरंच नेसते. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आमच्या घरातून हळद-कुंकू गेलं आणि पांढरं आलं. वंदनेला पांढरं, जयंतीला पांढरं, लग्नाला तर हटकून पांढरं. तिच्या लेखी लग्नाला जाताना ह्याच्यापेक्षा चांगलं काही नव्हतंच. सोबत तिचे मालक, धोंडीबाकाका होते, नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेले, काठी टेकत आलेले. शूटिंग बघायचं म्हणून हट्टानं आले होते.

डायरेक्टर केशवराव बायकांना उभं करता करता मावशीसमोर थांबले. दोन पावलं मागं गेले, त्यांचा चेहरा उजळला आणि आमच्यापाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "वा. ही विधवा कुणी आणली? इतकं सुंदर मला सुचलं नव्हतं. सगळं लग्न रंगात आणि ही एकटी देवळाच्या खांबापाशी."

सुधाताईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं आणि मला त्या कौतुकात अख्खं पुणं दिसलं.

"मी आणली," मी म्हणालो.

"शाब्बास. पण हातात बांगड्या आहेत की तिच्या. तिला विधवेचं काम आहे हे सांगितलंयस ना? तिची हरकत नाही ना?"

त्या बाईंनी अगदी सरळ विचारलं होतं. माझ्याजागी कुणीही सरळ माणूस सरळ उत्तर देऊन मोकळा झाला असता.

"व्हय ताई, सांगितलंय. बांगड्या इसरली असंल. बघतो मी."

मी मावशीकडं गेलो. ती पदर सारखा करत होती. "मावशी, बांगड्या काढ. लायटीत काच चमकते."

तिनं एकदा काकांकडं बघितलं. हिरव्या काचेच्या सहा-सहा बांगड्या होत्या. तिनं हाताला साबण लावून एकेक सोडवली, एकही फुटू दिली नाही, आणि काकांच्या हातात दिल्या. काकांनी त्या रुमालात बांधून खिशात ठेवल्या. म्हणाले, "संभाळतो. तू जा, लोकं खोळंबल्यात." मी हे बघत होतो. मला लाज वाटली नाही असं नाही. वाटली, पण पुणं त्या लाजेपेक्षा मोठं होतं.

मग मी उजेडाची करामत पाहिली. लग्नाच्या बायकांवर त्यांनी सोनेरी कागदाच्या फळ्यांवरून ऊन फिरवलं, सगळ्यांचे चेहरे हळदीनं माखल्यासारखे झाले. मावशीच्या डोक्यावर मात्र काळं कापड ताणलं. तिच्यावरचं ऊन कापलं आणि चंदेरी कागदाची एकच फळी एका बाजूनं, खालच्या अंगानं लावली. तिचे डोळे आत गेले, गालाची हाडं वर आली, अर्धा चेहरा अंधारात गेला. वीस पावलांच्या अंतरात एकीकडं लग्न होतं आणि एकीकडं सुतक. सकाळी टेम्पोत हसत बसलेली माझी मावशी मला ओळखू येईना.

"आजी, नवरीकडं बघा," केशवराव म्हणाले. "दुसरं काही करू नका."

मावशीनं बघितलं. तिचे डोळे भरून आले. कट म्हटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टेम्पोत चढताना ती मला म्हणाली, "मला मोनालीची याद आली रं. आन बघ, चाळीस बायकांत मलाच येगळं उभं केलं. माझं पातळच तसं हाय." तिच्या तोंडावरचा आनंद बघून मला वाटलं, आत्ता सांगावं. टेम्पो निघून गेला. काका मागं बसून रुमालाची गाठ सोडत होते.

पावसाळ्यानंतर मी पुण्याला गेलो.

पुढच्या वर्षी मी गावी आलेलो असताना सिनेमा इंदापूरच्या थेटरात लागला. मी मावशीला निरोप दिला नव्हता, पण गावात पोस्टर लागल्यावर निरोपाची गरज कुणाला? कळसहून दोन टेम्पो भरून माणसं आली, दुपारच्या तीनच्या खेळाला. मावशी तेच पातळ नेसून आली होती. दुसरं काय नेसणार होती ती, तिचा सिनेमा होता. मला तिनं आपल्या शेजारी बसवलं. पलीकडं काका.

मध्यंतराच्या जरा आधी तो प्रसंग आला. सनई, रंग, सोनेरी चेहरे. मग कॅमेरा सावकाश सरकत खांबापाशी गेला आणि सनई थांबली. पडद्यावर मावशीचा अर्धा चेहरा, मोकळे हात. मग नवरीच्या तोंडचं वाक्य आलं, "काकू, अशा लांब का उभ्या?" आणि नवरीच्या आईनं तिला मागं ओढलं, "तिच्या जवळ जाऊ नकोस आज."

थेटरात बायका मुसमुसत होत्या. आमच्या रांगेत मात्र कुणी हललं नाही. मी मावशीकडं बघायची हिंमत केली नाही.

मध्यंतर झालं आणि पांढऱ्या ट्यूबलाइटा भक्कन लागल्या. त्या उजेडात काहीच लपत नाही. मागच्या रांगेतल्या एका बाईनं मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मायेचा. "पिच्चरमधल्या तुमीच न्हवं? लई वाईट वाटलं ओ. मालक कधी गेलं तुमचं?"

काकांच्या हातात वडा होता. ते मागं वळून म्हणाले, "कुठं गेलोय मी? हितंच हाय."

दोघं-तिघं हसले. त्या बाईनं काकांकडं बघितलं, मावशीच्या पातळाकडं बघितलं, पुन्हा काकांकडं. चार रांगांतल्या माना वळल्या. नवरा शेजारी बसलाय आणि बाई पांढरी नेसून आलीय, ह्याचा कुणालाच मेळ लागत नव्हता. मावशी ताठ बसली होती. तिनं पदर अंगभर ओढून घेतला. माझ्या मावशीला तिच्या सगळ्यात चांगल्या पातळाची लाज वाटावी, ही पाळी मी आणली होती.

"भिमा," ती हळूच म्हणाली, "तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"काच चमकती म्हणून न्हाय?"

"न्हाय."

तिनं शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त समोरच्या कोऱ्या पडद्याकडं बघत राहिली. मागं कुजबुज चालूच होती.

मी उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. सुधाताईंच्या एका प्रश्नाला मला खरं उत्तर देता आलं नव्हतं, आणि इथं तीनशे माणसं होती.

"ही माझी मावशी," मी म्हणालो. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणालो. "ही माझी मावशी हाय. कळसची ताईबाई. तिचं मालक हे बसल्यात. हे पातळ इधवेचं न्हाय, लग्नाचं हाय. आमच्यात लग्नाला पांढरंच नेसत्यात. मी लग्नाचा सीन हाय म्हणून बलिवलं, म्हणून ती चांगलं नेसून आली. तिला इधवा करायचं ठरलं तवा मी तिला सांगितलं न्हाय. खोटं बोलून तिच्या बांगड्या काढल्या..."

घंटा वाजली. दिवे गेले. कुणीतरी "ए, बस खाली," म्हणून ओरडलं आणि पडदा उजळला. मी अंधारात बोलतच होतो. मला पुण्याला जायचं होतं, हे सांगायचं राहिलं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय मला बसवत नव्हतं. तेवढ्यात मावशीनं माझा शर्ट धरून मला खाली ओढलं.

"बस," ती म्हणाली. "तवा येवढं मला सांगितलं असतंस, तर काम म्हणून मी सोताच काढल्या असत्या बांगड्या."