बगळ्याचा डावा पाय

मेव्हण्याने दार बडवलं तेव्हा फिटर न्हाणीघरात शर्ट पिळत होता. बायको गेल्यापासून तो रोजचे कपडे रोज धुवायचा. साठू दिले की तिच्या हाताची आठवण यायची.

"दाजी, सापडलं! बगळ्याच्या गोलची फिल्म सापडली!"

फिटर ओल्या हातांनीच बाहेर आला. मेव्हण्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. जुन्या टीमला मालिश करणाऱ्या म्हाताऱ्याचा मुलगा पंखा दुरुस्तीला घेऊन आला होता, आणि बोलता बोलता निघालं की त्याच्या घरी माळ्यावर एक डबा पडलाय. डब्यात रीळ निघालं. मेव्हण्याने ते ओळखीच्या स्टुडिओतून साफ करून आणलं होतं.

"रविवारी दुपारी क्लबच्या खोलीत लावतो. सगळ्यांना सांगितलंय. एकदाचा निकाल लागेल, डावा की उजवा!"

"तू पाहिलीस?" फिटरने विचारलं.

"छे! तुमच्याशिवाय कशी पाहीन? म्हटलं दाजी घरात नुसते बसून असतात, जरा मन रमेल."

फिटरने त्याला चहा केला. साखर घालायला विसरला. मेव्हण्याने तो तसाच पिऊन टाकला आणि चांगला झालाय म्हणाला.

बगळा म्हणजे फुटबॉल क्लबचा डाव्या बाजूने पळणारा लांबटांग्या खेळाडू. पळताना मान पुढे काढायचा म्हणून बगळा. एका वर्षी चषकाच्या शेवटच्या सामन्यात सगळं मैदान चिखलाने भरलेलं, दोन्ही टीम थकून गेलेल्या. कॉर्नरवरून आलेला बॉल कुणाच्या तरी डोक्याला लागून उडाला आणि गर्दीतून बगळ्याने तो जाळीत घातला. क्लबने चषक त्याच्या आधी कधी जिंकला नव्हता, नंतर कधी जिंकणार नव्हता.

फिटर तेव्हा कारखान्यात नवा लागलेला, बिनलग्नाचा. गोलच्या मागे उभा राहून त्याने सामना पाहिला. सुटल्यावर फाटकाच्या रेटारेटीत एक मुलगी तिच्या धाकट्या भावाला सांगत होती, "काय डावा पाय चालवला!" फिटर मागे वळून म्हणाला, "उजवा होता." ती म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारलं?" भांडत भांडत दोघं बस थांब्यापर्यंत गेली. भाऊ मागून तमाशा बघावा तशा हौशीने दोघांकडे बघत चालला होता. तिची बस आली तरी ती चढली नाही, कारण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

लग्न झालं, पण भांडण मिटलं नाही. ते घरातलंच एक भांडं झालं होतं, रोज वापरायचं. भाजीत मीठ जास्त पडलं, गॅस संपला, मुलीच्या लग्नात कुणाला बोलवायचं यावरून दोघांचं वाजलं, की दोघांपैकी एकजण थोड्या वेळाने दुसऱ्या खोलीतून म्हणायचा, "उजवा." मग तिकडून "डावा." म्हणजे राग गेला, जेवायला चला.

क्लबच्या खोलीतही तेच. दर रविवारी न्हावी, मैदानाचा माळी अशी जुनी मंडळी जमायची. चहाचे रिकामे ग्लास खेळाडू व्हायचे, बाटलीचं बूच बॉल व्हायचं आणि तो गोल टेबलावर पुन्हा व्हायचा. बायकांमध्ये ती एकटीच यायची. बूच मारायची वेळ आली की ती मुद्दाम डाव्या हाताने टिचकी मारायची आणि न्हावी ओरडायचा, "वहिनी, पंचांना लाच दिलीत काय?"

दवाखान्यात शेवटी शेवटी तिला बोलवत नव्हतं. फिटरने तिच्या कानाशी तोंड नेऊन "उजवा" म्हटलं होतं. चादरीखाली तिचा डावा पाय हलला होता. नर्सला वाटलं पेटका आला.

हे सगळं मेव्हण्याला कसं सांगायचं ते फिटरला सुचेना. शनिवारी तो त्याच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक जाईपर्यंत स्टुलावर बसून राहिला.

"उद्याचं राहू दे," तो म्हणाला.

"काय राहू दे?"

"फिल्म. नको लावूस."

मेव्हण्याने हातातला पेचकस खाली ठेवला. "का? हराल म्हणून?"

"हरेन नाही तर जिंकेन. दोन्ही नको."

"हे काय कोडं घालताय दाजी!"

"मी हरलो तर हरलो म्हणून कुणापुढे सांगू? आणि जिंकलो तर..." फिटरने काउंटरवरचा पेचकस सरळ केला. "तिला उलट बोलता येणार आहे का?"

मेव्हणा बराच वेळ काउंटर पुसत राहिला. तो स्वच्छच होता.

"तुमचं बरोबर असेल," तो म्हणाला. "पण ताई माझीही होती. तिच्याशेजारी मी उभा होतो. आयुष्यभर तुम्ही सगळ्यांनी मिळून तिची मस्करी केलीत. न्हावी काय, तो माळी काय. बायकांना फुटबॉलमधलं काय कळतं, असं तोंडावर नाही म्हणालात, पण हसायचात तसंच. एकदा, एकदाच त्या भिंतीवर सगळ्यांना बघू दे की माझी ताई खरं सांगत होती."

फिटरने गुडघ्यांवर हात टेकले. तो उठला आणि घरी आला.

रविवारी जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. पण दुपारी घर खायला उठलं. स्वयंपाकघरात जाऊन त्याने मोठ्याने "उजवा" म्हणून पाहिलं. नळ गळत होता तेवढाच आवाज. त्याने चप्पल घातली.

क्लबची खोली मैदानातल्या प्रेक्षकांच्या स्टँडखाली होती. छत उतरतं, त्यामुळे मागच्या बाजूला वाकून बसावं लागायचं. खिडक्यांना पोती लावून अंधार केलेला. न्हावी, मैदानाचा जुना माळी आणि आणखी चार डोकी. भिंतीवरच्या टीमच्या तसबिरी उतरवून फिल्मसाठी जागा केली होती.

"या नवरदेव!" न्हावी म्हणाला. "आज वरात निघणार, तुमची नाही तर वहिनींची."

"तू गप रे," माळी म्हणाला.

मेव्हण्याने मशीन चालू केलं. भिंतीवर मैदान आलं. माणसं मुंग्यांएवढी. पण मग कॅमेरा जवळ गेला आणि म्हातारी मंडळी पोरांसारखी ओरडायला लागली. "अरे तो बघ ढोल्या! काय पोट होतं लेकाचं, तरी कुणाला पुढे जाऊ द्यायचा नाही!" "आणि तो गोलकीपर, तंबाखू हातमोज्यात ठेवायचा तो!" फिटरही हसला. आपण हसलो हे त्याला नंतर कळलं.

मग कॉर्नर आला. बॉल उडाला. लांब मान पुढे काढून बगळा चिखलातून घसरत आला, आणि त्याने पाय चालवला. उजवा. आंधळ्यालाही दिसावा इतका उजवा.

"फिटर जिंकला!" न्हाव्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "पुन्हा लाव, पुन्हा लाव! बोल रे माळीबुवा, मी काय म्हणत होतो?"

फिटरने मेव्हण्याकडे पाहिलं. मशीनच्या उजेडात त्याचं तोंड मार खाल्लेल्या पोरासारखं झालं होतं. गोल पुन्हा सुरू झाला तसा फिटर उठला आणि भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. चित्र त्याच्या शर्टावर आलं. बगळा त्याच्या पोटावरून पळू लागला.

"रीळ उलटं लागलंय," फिटर म्हणाला.

"काय?"

"उलटं. आरशात दिसतं तसं. डाव्याचं उजवं झालंय."

"अरे बाबा, बाजूला हो. पाठीवरचा नंबर बघ."

"अकरा नंबर म्हणजे दोन उभ्या रेघा, उलटा केला तरी अकराच."

न्हावी हसायला लागला. "आणि पाण्याची टाकी? टाकी आहे तिथेच दिसतेय की!"

"टाकी तेव्हा पलीकडे होती."

टाकी तेव्हा कुठे होती हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. माळ्याने तर तिच्या सावलीत जेवणाचे डबे खाल्ले होते. न्हाव्याने तोंड उघडलं, पण माळ्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"टाकी इकडे नंतर बांधली," फिटर म्हणाला. त्याचा आवाज चढला. "तुम्हाला कुणाला काही आठवत नाही. तिला आठवत होतं. ती समोर उभी होती, तिने पाहिलं. मी मागे होतो, मला काय दिसणार? बोला की! गप्प का बसलात?"

मेव्हण्याने वायर ओढली. भिंत काळी झाली. कुणीतरी खिडकीचं पोतं बाजूला केलं आणि उजेड आला.

"डावा, दाजी," मेव्हणा म्हणाला. "डावाच होता. बसा तुम्ही."

हा आवाज फिटरने ऐकला होता. ताई, उद्या तुला घरी सोडणार आहेत, असं मेव्हण्याने दवाखान्यात तिच्या खाटेशी उभं राहून सांगितलं होतं, त्याच आवाजात.

"हो, डावाच असणार," माळी म्हणाला.

न्हाव्याने खाली बघून मान हलवली. "वहिनींचं बरोबर होतं."

फिटर तिथेच उभा राहिला. एकेकाच्या तोंडाकडे त्याने पाहिलं. कुणी तरी नाही म्हणेल, कुणी तरी भांडेल, म्हणून तो थांबून राहिला. कुणीच भांडलं नाही.