निळ्या चोचीचे पाखरू

मित्रांनो, अमरावतीहून कौंडण्यपूरकडे निघालात, की वाटेत एका तलावाकाठी छोटे गाव लागते. तिथे आशाबाईंच्या घरात खुंटीला एक काळी वस्तू लटकलेली दिसेल. ती मी, एक म्हातारी दुर्बीण. माझा पट्टा शिवून शिवून जाड झाला आहे आणि एका नळीत बुरशी धरली आहे. तरीही कार्तिक लागला, की मला घरात करमत नाही.

माझ्या काचा कुठल्या कारखान्यात घासल्या गेल्या, ते मला ठाऊक नाही. माझी पहिली आठवण अमरावतीच्या राजकमल चौकाजवळच्या एका चष्म्याच्या दुकानातली आहे. येणारे लोक मला डोळ्यांना लावत, समोरच्या पाट्या वाचत, हसत आणि परत ठेवून देत. एक दिवस प्रियदर्शनीबाई आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी पाट्यांकडे पाहिलेच नाही. विजेच्या तारेवर एक इवलासा हिरवा पक्षी, वेडा राघू, बसला होता, त्याच्यावर त्यांनी मला रोखले आणि कितीतरी वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले.

दिवाळी झाली, की आमचे रविवार सुरू होत. बाई स्कूटर काढत आणि मी त्यांच्या गळ्यात. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली असे, तूर पिवळी झालेली असे. तलावावर पोचलो, की पाण्यावरचे धुके विरेपर्यंत बाई थांबत. मग एकेक पाहुणा दिसू लागे. लांब टोकदार शेपटीची तलवार बदके, चिखलात शेपटी हलवत धावणारे धोबी पक्षी, आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस.

तलावाचे पाणी ओसरले, की काठची गाळाची जमीन उघडी पडते. तिथे आशाबाई आणि त्यांचे यजमान चंद्रभान हरभरा पेरत. कोवळा हरभरा हंसांना फार आवडतो. त्यामुळे आशाबाई दिवसभर गोफण घेऊन बांधावर बसत. एकदा त्यांच्या गोफणीचा दगड एका हंसाला लागता लागता राहिला. बाई धावत गेल्या आणि त्यांनी आशाबाईंना रागाने बोलून घेतले.

आशाबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, "तुमी पाखरं पाहाले येता, बाई. मी त्याईले हाकलाले येतो. माया हरभरा खाऊन राहिले ते."

 बाईंनी मला गळ्यातून काढले आणि आशाबाईंच्या हातात दिले. आशाबाईंच्या हातांना मातीचा वास होता. त्यांनी मला आधी उलटे धरले, मग सुलटे केले. हंस अगदी जवळ आला. 

"याच्या डोक्यावर तं काळे पट्टे हायेत," त्या हळूच म्हणाल्या. "मले वाटे, सारे सारखेच."

त्या दिवसापासून आशाबाईंनी गोफण ठेवून दिली. हरभरा राखायचा तर होताच, म्हणून त्या रिकामा डबा वाजवू लागल्या. डबा वाजवून झाला, की बांधावर बसून त्या बाईंबरोबर भाकरी खात आणि मी या हातातून त्या हातात फिरत असे. एका वर्षी कौंडण्यपूरची जत्रा पांगल्यावर दोघी वर्धा नदीवर गेल्या. आशाबाई लहानपणापासून त्या जत्रेला जात, पण पलीकडच्या वाळूवर केशरी चक्रवाकांची जोडी उतरते, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. त्या देवळात जाऊन येईपर्यंत बाई घाटावर थांबल्या. मग दोघींनी आळीपाळीने माझ्यातून ती जोडी पाहिली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सोन्यासारखे दिवस!

मग एका पावसाळ्यात बाईंची स्कूटर घसरली आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. चालायला हरकत नाही, असे डॉक्टर म्हणाले, पण पुन्हा पडण्याच्या भीतीने बाई पलंगावरून पाय खाली टाकेनात. त्यांची मुलगी दीक्षा समजावून थकली. मी कपाटात कपड्यांखाली दबून होते. दिवाळीही गेली. तेव्हा बाईंनीच दीक्षाला सांगितले, की दुर्बीण आशाबाईंना देऊन ये, यंदा निदान कुणीतरी पाहू दे.

अशी मी तलावाकाठी आले. आशाबाई रोज सकाळी मला डोळ्यांना लावत आणि फोन करून जे दिसेल ते बाईंना सांगत. सगळी नावे त्यांना येत नसत. मग कुणाची चोच पळीसारखी, तर कुणाचे पाय लाल काड्यांसारखे, असे वर्णन चाले. बाई पलंगावरून नाव सांगत. पण पलंग काही सुटेना.

एक दिवस आशाबाईंनी एका नव्याच पाखराची बातमी दिली. बदकाएवढे, तुरीच्या फुलासारखे पिवळे आणि चोच निळी. बाईंनी घरातली पुस्तके चाळली. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेपटी कशी, उडते कसे, असे खोदून खोदून विचारले. आशाबाईंनी थोडा वेळ उत्तरे दिली आणि मग त्या अडल्या.

"फोनवर नाही सांगता येत मले," त्या म्हणाल्या. "पाहाचं असन तं उठा अन् या."

त्यानंतर दीक्षाचा फोन आला. आई वॉकर धरून उभी राहिली होती. मग खोलीत, मग अंगणात, असे त्यांचे चालणे वाढत गेले. हरभऱ्याला घाटे लागले, तेव्हा दीक्षाने त्यांना गाडीने तलावावर आणले. चंद्रभानांनी बांधावर खुर्ची नेऊन ठेवली. आशाबाईंनी मला बाईंच्या हातात दिले आणि मान खाली घातली.

"असं पाखरू नवतंच, बाई. मी लबाडी केली."

"मले माहीत होतं," बाई म्हणाल्या. "असं पाखरू कुठंच नसते."

"मंग आल्या काहून?"

"तुमी माझ्यासाठी एवढी लबाडी केली. मंग मी पलंगावर कशी पडून राहू?"

दोघींनी एकमेकींचे हात धरले. समोर हंसांचा थवा पाण्यावर उतरत होता, आणि मी बाईंच्या मांडीवर नुसती पडून होते. त्या दिवशी माझी आठवण कुणालाच राहिली नाही. मला त्याचे जराही वाईट वाटले नाही.

आता बाई निवृत्त होऊन दीक्षाकडे नाशिकला राहतात. जाताना त्यांनी मला इथेच ठेवले. हल्ली तलावावर मोठमोठे कॅमेरे येतात, त्यामुळे मला कुणी मागत नाही. पावसाळ्यात मी ओल्या भिंतीला टेकून राहिले, तेव्हा बुरशी धरली. तरीही थंडी पडू लागली, की आशाबाई मला पदराने पुसतात, चांगल्या नळीला एक डोळा लावतात आणि बाईंना फोन करतात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी पडून असेल, तर तिला कोरड्या जागी ठेवा, मऊ फडक्याने पुसा, थोडे ऊन दाखवा. आणि थंडीत तिला घेऊन पाण्याकाठी जा. पण एकट्यानेच पाहत बसू नका. तुमचे पाहून झाले, की तिला शेजारच्याच्या हातात द्या.