तिसरी केबल

धाकटा गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर अजून खोक्यांतच होता. एका खोक्यात कॅबिनेट, एकात मदरबोर्ड, एकात पंखा, आणि बारीकसारीक भाग चपलांच्या जुन्या डब्यात. वर्षभर तो एकेक वस्तू आणून कपाटाच्या खालच्या खणात रचत होता आणि "सगळं जमलं की एका रविवारी बसतो" असं सांगून सांगून त्याने घरादाराला वात आणला होता. तो रविवार काही उजाडला नाही. छातीत कळ आली, आणि दवाखान्याचं दार दिसायच्या आत सगळं आटोपलं.

त्याची थोरली बहीण पडदे शिवायची. दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच तो, पण तिच्या लेखी शेवटपर्यंत बारक्याच. तिसऱ्या इयत्तेतला मुलगा असल्यासारखी ती त्याला रागवायची आणि तोही निमूटपणे ऐकून घ्यायचा. निदान तसं दाखवायचा तरी.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बाकीचे कारागीर आधी पाना काढतात, हा आधी फोन काढायचा. बिघडलेल्या लिफ्टमध्ये उभं राहून तळापासून गच्चीपर्यंत तिचा आवाज भरून घ्यायचा आणि मध्ये मध्ये स्वतः बोलायचा. "इथं बघा, तिसऱ्या मजल्यावर कशी कुरकुरली. दार नाही, दोर आहे." घरी आला की ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचा. पुन्हा त्याच लिफ्टची तक्रार आली की नवा आवाज जुन्याशी ताडून बघायचा. फोनमध्ये कायम जागेची बोंब, म्हणून तिथलं लगेच पुसून टाकायचा. घरातले फोटो, व्हिडिओ काढणारा तोच, त्यामुळे त्यात तो कुठेच नाही. एवढा बोलका माणूस, पण त्याचा आवाज उरला होता तो फक्त त्या रेकॉर्डिंगांत. आणि ती रेकॉर्डिंगं होती जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर. तो कॉम्प्युटर तर मालकाच्याही आधी वारला होता.

"ताई, ती खोकी दुकानदार परत घेतो का बघा ना," एक दिवस भावजय म्हणाली. "कपाट उघडलं की समोर येतात. बघवत नाही."

"परत कशाला? मी जोडते."

"तुम्ही?"

"का? शिवणयंत्र सुटं करून परत जोडते ती कोण, शेजारीण?"

भावजय हसली. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. मग हसू तसंच ठेवून तिने विचारलं, "मग त्याचा आवाज ऐकता येईल?"

"येईल की. जुनी डिस्क ठणठणीत आहे. नव्यात लावायची, बस्स."

भावजयीने मान फिरवली आणि उगाचच खिडकीचा पडदा सारखा केला. तिला दुसरं काही नकोच होतं.

त्यानंतर आपलं शिवणाचं दुकान बंद झालं की ताई फोनवर व्हिडिओ लावून बसायची. विशीतली पोरं तोंडात गोळ्या भरल्यासारखी भराभरा बोलायची. ती थांबवून, मागे नेऊन पुन्हा ऐकायची. प्रोसेसर कसा अलगद ठेवायचा, त्यावर मलम किती लावायचं, कुठला स्क्रू कुठे. आणि एका सुट्टीच्या सकाळी ती भावाच्या घरी आली, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि खोकी उघडली.

जोडणी झाली, बटण दाबलं, पंखे फिरले, पण पडदा काळाच.

"गेलं?" भावजयीने श्वास रोखून विचारलं.

"थांब गं, जन्माला यायच्या आत मारू नकोस त्याला." ताईने मेमरीची पट्टी काढली आणि पुन्हा बसवली. या वेळी अंगठ्याने जोर देऊन, कट्ट आवाज होईपर्यंत. पडद्यावर अक्षरं उमटली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींचे डोळे भरले. पण चहा ठेवायचं निमित्त भावजयीला आधी सापडलं.

धाकट्याने नव्या डिस्क दोन आणल्या होत्या, दोन्ही हुबेहूब जुनीसारख्या. त्या घराण्याची खोडच ती. एक चप्पल पटली की जन्मभर तीच, एक डिस्क पटली की तीच. दोन का, तर त्याला दोन सिस्टिम टाकायच्या होत्या. एक नेहमीची, भावजयीच्या कामाची. भावजय डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती आणि तिथला प्रोग्राम त्याच सिस्टिमवर चालायचा. दुसरी फुकटातली, त्याच्या हौसेची. "एकेका सिस्टिमला आपापली डिस्क," तो बहिणीला म्हणाला होता. "वेगळ्या चुली मांडल्या की भांडण नाही."

पहिली सिस्टिम ताईने फार सांभाळून टाकली. जुनी डिस्क तोवर जोडलीच नव्हती. सगळं बसल्यावर कॉम्प्युटर बंद करून तिन्ही डिस्क मागच्या खाचांत सरकवल्या, त्यांच्या केबली पुढे आणून मदरबोर्डाला लावल्या. तिन्ही काळ्या, चपट्या, सारख्या. आत तो जो गुंता दिसला तो काही तिला बघवेना. ज्या बाईने आयुष्यभर चुणीला चुणी लावली, ती वायरी अशा लोंबत्या ठेवणार होती होय! तिने पिशवीतून सुती नाडी काढली, केबली एकीवर एक ओळीत बसवल्या आणि वरपासून खालपर्यंत घट्ट वेढे देऊन बांधून टाकल्या.

"अगंबाई," भावजय म्हणाली, "हा तर पडदाच झाला."

"तुझ्या नवऱ्याने असं बांधलं असतं का?"

"तुमच्या भावाने? चिकटपट्टी मारली असती."

मग यंत्र सुरू करून जुनी डिस्क उघडली. फोल्डर दिसले. त्याने आपल्या पद्धतीने नावं ठेवलेली. 'पिवळी इमारत कुरकुर'. 'हॉस्पिटल मागची, दार अडतं'. 'म्हातारी लिफ्ट, सांभाळून'. भावजयीने माउसवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"आत्ता नको. हा पडद्यातला स्पीकर डब्यासारखा वाजतो. आईकडे चांगले स्पीकर पडलेत, घेऊन येते. नीट बसून ऐकू."

दारापर्यंत जाऊन ती वळली. "ताई, एक प्रत काढून ठेवायची का?"

"अगं, जागेवर आहे सगळं. कुठे पळून जातंय? ये तू जाऊन."

ती गेली. ताईने घड्याळ बघितलं, मग बारक्याने आणून ठेवलेला दुसऱ्या सिस्टिमचा पेन ड्राइव्ह बघितला. भावजय येईपर्यंत तीही बसवून टाकली तर? बारक्याला हवं होतं तसं, अगदी तसंच होईल. नाहीतर एक डिस्क रिकामीच पडून राहायची.

आणि इथेही तिने घाई केली नाही, हेच तर नंतर तिला राहून राहून डाचत राहिलं. व्हिडिओतल्या पोराने बजावलं होतं, ज्यात जिवापाड जपायचं काही आहे ती डिस्क आधी काढून ठेवा. तिने यंत्र बंद केलं, झाकण उघडलं. जुनी डिस्क सर्वांत शेवटी जोडलेली, म्हणजे तिसरी केबल. नाडीच्या वेढ्यांतून तीन सारखी टोकं सारखीच बाहेर आलेली. तिने तिसरं टोक धरून उपसलं. नाडीच्या आत, तिने सारखं बसवण्याच्या नादात, दुसरी आणि तिसरी एकमेकींवरून गेल्या होत्या, हे बाहेरून कळायला काही मार्गच नव्हता. तिनेच तो ठेवला नव्हता.

पडद्यावर दोन डिस्क दिसल्या. एक पहिल्या सिस्टिमची, तिचं नाव वाचून ओळखता आलं. दुसरी म्हणजे अर्थातच नवी. या डिस्कवर आधीच काही आहे, पुसायचं का, असं यंत्राने विचारलंही. तिला वाटलं, असेल कारखान्यातलं काहीतरी. कोऱ्या कापडालाही खळ असतेच, ती धुऊनच काढायची असते. तिने होकार दिला.

काम झटपट झालं. यंत्र पुन्हा सुरू होताच दोन्ही सिस्टिमची नावं एकाखाली एक आली, कुठली हवी म्हणून ते तिच्या तोंडाकडे बघत थांबलं. ती एकटीच खुर्चीत बसून हसली. "घे बारक्या, मांडल्या तुझ्या चुली."

मग तिने पुन्हा यंत्र बंद करून तिसरी केबल लावली, सुरू केलं, आणि भावजय आल्यावर लगेच ऐकवावं म्हणून जुनी डिस्क उघडायला गेली.

उघडण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. कोरी डिस्क, कुणाचाही हात न लागलेली.

आधी तिला वाटलं, आपण चुकीची बघतोय. मग वाटलं, केबल नीट बसली नसेल. तिने यंत्र बंद केलं आणि कात्रीने नाडी कापली. वेढे सुटत गेले आणि एक केबल दुसरीवरून गेलेली दिसली. ती कात्री हातात घेऊन तशीच उभी राहिली.  

डिस्कच बिघडली म्हटलं असतं तरी खपलं असतं. या घरात तिच्यावर कोण अविश्वास दाखवणार होतं? जिन्यात पावलं वाजेपर्यंत ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं.

भावजय आत आली. दोन्ही काखांत स्पीकर, केस कपाळावर चिकटलेले. "आईने दहा प्रश्न विचारले, म्हणून उशीर. झालं का हो? बघा, हे कुठे लावायचे?"

"ठेव ते खाली," ताई म्हणाली. "माझ्या हातून पुसलं गेलं."

"काय?"

"सगळं. त्याचं सगळं. दुसरी सिस्टिम टाकायला गेले आणि जुनी डिस्क पुसली."

भावजयीने स्पीकर टेबलावर ठेवले. एक वाकडा राहिला होता, तो सरळ केला. बराच वेळ ती त्या स्पीकरची वायर बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत राहिली.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं दुसरी टाकायला?"

"त्याचीच इच्छा होती गं."

"तो गेला, ताई." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "त्याला आता कुठलीच सिस्टिम नको होती. मला तो हवा होता."

 ताईने डिस्क काढली, रुमालात गुंडाळली, आणि दोघी दुकानदाराकडे गेल्या.  रस्ता ओलांडताना सवयीने भावजयीने तिचा दंड धरला, आणि पलीकडे पोचताच सोडून दिला.

दुकानदाराने डिस्क आपल्या यंत्राला लावली, बराच वेळ खटपट केली, आणि चष्मा काढला. "जुन्या, फिरत्या तबकडीच्या डिस्क असत्या तर काहीतरी खरवडून काढलं असतं. या जातीत पुसलं की पुसलंच. दुसरीकडे दाखवा हवं तर, पण मी तुम्हाला आशा लावत नाही." मग भावजयीकडे बघत त्याने हळूच विचारलं, "फोटो होते का?"

"नाही," ती म्हणाली. "लिफ्टचे आवाज होते."

तो बिचारा गोंधळून दोघींकडे बघत राहिला.

घरी आल्यावर ताईने टेबलावरचा पसारा आवरायला घेतला. स्क्रू वाटीत भरले, खोकी चेपून चपटी केली. आता निघावं, की निघालो तर पुन्हा या घरात पाऊल टाकायची हिंमत होणार नाही, हे काही तिला ठरवता येईना. भावजय नव्या कॉम्प्युटरसमोर बसली होती, बंद पडद्याकडे तोंड करून.

"ताई," ती म्हणाली, "तो 'आलोच' कसं म्हणायचा?"

"काय?"

"हाक मारल्यावर. 'आलोच'. म्हणून दाखवा ना."

ताई चपटं खोकं हातात धरून उभी राहिली. मग तिने म्हटलं, जसं तिला आठवत होतं तसं. मोठ्यांदा, 'लो' लांबवून, शेवटी वैतागल्याचं सोंग करून.

भावजयीने मान हलवली. "असं नाही. तो हळू म्हणायचा. जवळ येऊन पोचल्यावर म्हणायचा."

"हळू? आमचा बारक्या? अगं, गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं."

"तुमच्याकडे असेल. इथे नाही."

ताई वाद घालणार होती. चाळीस वर्षांचं ऐकलेलं होतं तिचं, कालची आलेली ही काय सांगते! तोंड उघडलं आणि मग तिला कळलं की हा वाद आता मिटायचा नाही. खरं काय ते सांगणारं जे होतं, ते सकाळपर्यंत या घरात होतं.

तिने खोकं खाली ठेवलं. पलीकडची खुर्ची ओढली आणि बसली.

"बरं, तू म्हण," ती म्हणाली. "तुझ्याकडचं मला ऐकव."

भावजयीने डोळे मिटले. ओठ जरासे उघडले, मान किंचित कलती झाली, कुणीतरी मागून येऊन उभं राहिल्यासारखी. ताई वाट बघत राहिली. बाहेर कुणीतरी जिना चढत वरच्या मजल्यावर गेलं, दार लागलं.

"मला म्हणता येत नाही," भावजय डोळे न उघडता म्हणाली. "मला नुसतं ऐकू येतं. अजून तरी."