मनकर्णाबाईनं पुढं केलेला हात

मी अमीना, जानेफळची बांगडीवाली. तोंडाची फटकळ, हे सारा गाव सांगते. पण मनकर्णाबाईचं नाव निघालं की माहं तोंड बंद होते.

महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती. डोणगावच्या बाजारातून येतानी मी पडली अन् टोपलीतल्या बांगड्यायच्या काचेनं उजवं मनगट चिरलं. अकोल्याच्या डॉक्टरनं तुटलेली नस शिवली, पण अंगठा अन् दोन बोटं बधिर ती बधिरच. बांगडी भरणारीच्या बोटाले समोरचीचं हाड न् हाड समजलं पाह्यजे. तेच गेलं तर मी करू काय, कपाळ?

डॉक्टर म्हणाले, "बाई, तुटलेल्या नसेचा पुढचा धागा मरतो. पण त्याच्याभोवतीच्या मदतनीस पेशी जिवंत राहतात. त्या आधी कचरा साफ करतात, मग रांग धरून नव्या धाग्याला वाट दाखवतात, अन् तो आला की त्याच्यावर नवं आवरण गुंडाळतात. महिन्याला इंचभर. टिचकी मारून पाहत जा. मुंग्या येतील तिथवर धागा पोचला समजा."

घरी सासू, हुस्नबानो, विळा तापवून बसलेली! "डाग देऊ दे, झोपलेली नस उठते."

मी भडकली. "अम्मा, झोपली नाही, कामाले लागली हाय. तिले जाळता काऊन?"

मी दर महिन्याले मुंग्यांच्या जागी मेंदीचा ठिपका लावे. ठिपका सरके, पण माह्या बधिर बोटायले बाया भेल्या अन् दुसरीकडे बांगड्या भरू लागल्या. एकटी मनकर्णाबाई, शेतातून येऊन दर बुधवारी हात पुढं करे.

"भर वं."

"फुटतीन."

"वाढतीन म्हण, बेअक्कल! बांगडी फुटली म्हणत असतेत का? सवय मोडली तं बोटं येऊन काय कामाचे?"

लय वाढल्या. तशी ती हात पदराखाली घे अन् हसत निघून जाये.

आठव्या महिन्यात मुंग्या बोटांच्या टोकाले आल्या. त्या बुधवारी मी तिचा हात दाबला अन् मायबाई, तो कोमट लागला! खुशीनं मी बोटं फिरवत गेली. अंगठ्याच्या बुडाशी बारीक बारीक वण लागले. लय होते.

"हे काय वं?"

"शेताच्या धुऱ्यावरचे काटे." तिनं हात ओढला.

मी सोडला नाही. "काटे असे बांगडीसारखे गोल लागतेत? माह्या हातानं वाढलेल्या बांगड्यायचे हायेत हे. बोलली काऊन नाही, माय?" मले रडूच आवरेना.

ती म्हणे, "बोलली असती, तं तू भरली असती का?"