रावसाहेबांचं अरबी घोडं

रावसाहेब हौशीराम यांना पूर्वज हवे होते. लोणावळ्यात बंगला झाला होता, मोटार झाली होती, सरकारनं रावसाहेब ही पदवीही देऊन टाकली होती. आता पूर्वज तेवढे राहिले होते. बंगला बांधणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही खूळ असतंच, पण सावित्राबाईनं आजवर पाहिलेल्या खुळांत हे अव्वल होतं. टाकवे बुद्रुकच्या या माणसानं खडकीच्या पलटणीला घोड्यांचं गवत पुरवून पैसा केला, हे अख्ख्या मावळाला ठाऊक होतं. त्याच्या बापाच्या डोक्यावरचा गवताचा भारा सावित्राबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. कष्टाळू माणूस होता बिचारा. पण तेवढा एक पूर्वज रावसाहेबांना पुरत नव्हता.

सावित्राबाई भुशीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या तोंडाशी असलेल्या महादेव कोळ्यांच्या वाडीत राहायची. घरं आठ-दहा. पावसाळ्यात नाचणी करायची, उन्हाळ्यात करवंदं नि जांभळं बंगल्याबंगल्यांवर नेऊन विकायची आणि बंगलेवाल्यांना नावं ठेवत परत यायची. वाडीच्या खाली कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं. वैशाखातसुद्धा त्यात पुरुषभर पाणी असायचं. टाक्याला लागूनच जुनी वाट कोकणात उतरत होती. आगगाडी नव्हती तेव्हा सारा व्यापार याच वाटेनं चढायचा, असं सावित्राबाईच्या सासूनं तिला सांगितलेलं, आणि सासूला तिच्या सासूनं. चौलाच्या बंदरात गलबतं लागायची. अरब घोडे घेऊन यायचे, गुजर कापडाचे गठ्ठे, वाणी मिरी-खोबरं, लमाण मिठाच्या गोण्या. कुणी अल्ला म्हणायचं, कुणी महादेव, कुणी जिनदेव. येताना जो तो आपला देव आणि आपला पोहरा घेऊन यायचा. पाणी तेवढं सगळ्यांना याच टाक्याचं लागायचं.

वरचे राजे बदलत राहायचे. देवगिरीचा गेला, बिदरचा आला, मग नगरचा, मग विजापूरचा. प्रत्येकाचा माणूस घोड्यावरून येऊन दरडावायचा, "राज्य कुणाचं?" वाडीचे लोक म्हणायचे, "तुमचंच जी," आणि टाक्यातला गाळ काढायला लागायचे. ते गाळ काढणं मात्र एका पिढीचंही चुकलं नव्हतं.

टाक्याच्या काठी कमरेएवढा दगड उभा होता. वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरं, खाली एक जनावर आणि एक बाई. अक्षरं कुणी वाचली नव्हती. पिढ्यान् पिढ्या तेल-शेंदूर लावून लावून त्यावर बोटभर जाड कवच चढलं होतं; चित्रांचे उंचवटे तेवढे ओळखू यायचे. वाचायची गरजही नव्हती. ते जनावर म्हणजे गाढव, आणि जो कुणी हे पाणी अडवील त्याच्या आईला लागणारी ती शिवी, हे वाडीतल्या प्रत्येक सुनेला पहिल्याच वर्षी सासू कानात सांगायची. पुरुषांसमोर उच्चारायची ती गोष्ट नव्हती. म्हणूनच शेंदूर खालच्या अंगाला जरा जास्त चोपडला जायचा.

रावसाहेबांनी माळ विकत घेतला त्यात हे टाकं आलं, आणि फाल्गुनात त्यांनी त्याला काटेरी तारेचं कुंपण घातलं. गुलाबांना पाणी हवं होतं. वाडीच्या बाया मैलभर खाली ओढ्याला जाऊ लागल्या. चैत्र उजाडेपर्यंत ओढा आटला आणि त्या ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. सावित्राबाईची सून पोटुशी होती, ती हंडा घेऊन चढताना दोनदा पडली. सावित्राबाई तालुक्याला जाऊन मामलेदारापुढे उभी राहिली.

"कागद आहे का?" मामलेदारानं विचारलं.

"दगूड हाय," ती म्हणाली.

मामलेदार पोट धरून हसला. "कागद आण," म्हणाला. आवाज मोठा भारदस्त होता त्याचा, आणि तो त्याला स्वतःलाच फार आवडायचा. सावित्राबाई परत आली ती त्याला मनातल्या मनात सोलतच.

आणि मग पुण्याहून तात्यासाहेब आले. हे इतिहाससंशोधक. लाल पगडी, तपकिरीची डबी, आणि जगात जे काही घडून गेलं ते आपल्यालाच विचारून घडलं असा चेहरा. रावसाहेबांनी त्यांना पूर्वज शोधायला ठेवून घेतलं होतं. पंधरा दिवस तात्यासाहेबांनी बंगल्यावर आमरस ओरपला, आणि सोळाव्या दिवशी त्यांना पूर्वज टाक्याच्या काठी सापडला.

सावित्राबाई तारेच्या अलीकडे उभी राहून ऐकत होती. तात्यासाहेब एका हातात सोललेला आंबा धरून दुसऱ्या हातानं दगड दाखवत होते. "पाहा रावसाहेब! अरबी घोडा! चौल बंदरात उतरणारे घोडे याच घाटानं बहामनी सुलतानांकडे जात. त्या घोड्यांची राखण कोण करी? कुणी तरी शूर मराठा सरदार! आणि तो तुमचा मूळपुरुष, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही."

"पण घोड्याचे कान जरा लांब..." रावसाहेब चाचरत म्हणाले. घोड्यांना आयुष्यभर गवत घातलेला माणूस तो. एवढं त्याला दिसत होतं.

"टवकारलेत! जातिवंत घोडा कान टवकारतो."

"आन् खाली ती आडवी पडलीय ती?"

"टापांखाली तुडवलेला शत्रू," तात्यासाहेब म्हणाले आणि कोय चोखू लागले.

सावित्राबाईला राहवलं नाही. "दादा, ते घोडं न्हवं," ती तारेवरून ओरडली. "गाढाव हाय ते. शेंदूर काडून वाचा की एकडाव काय लिवलंय."

तात्यासाहेबांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "या लोकांना गाढवापलीकडे जनावर माहीत नसतं," ते रावसाहेबांना म्हणाले. "आणि अनुभवी नजरेला साल काढावी लागत नाही."

त्या एका वाक्यासाठी सावित्राबाईनं त्यांना आयुष्यभर माफ केलं नाही.

ठरलं असं की दगड उचलून बंगल्याच्या फाटकाशी चौथऱ्यावर बसवायचा, खाली संगमरवरावर रावसाहेबांचं नाव कोरायचं, आणि अक्षय्यतृतीयेला समारंभ करायचा. वाडीवर हे कळलं तेव्हा सावित्राबाईचा मुलगा कान्हू कोयता घेऊनच उठला.

"पानी नेलं, आता द्येव बी नेत्यात! एकेकाला तोडतो."

"बस खाली," सावित्राबाई म्हणाली. "तोडलंस तर तू जाशील तुरुंगात आन् पानी ऱ्हाईल तारंतच. नेऊ दे त्यास्नी. ज्याच्यापायी त्यो दगूड उभा केलाय, त्याच्याच दारात जाऊ दे."

दगड चार गडी लावून नेला गेला. रावसाहेबांची आई कस्तुराबाई तेव्हाच अडून बसली. म्हातारी टाकव्यातच वाढलेली, गुडघे धरल्यामुळे वर्षभर बंगल्याच्या ओसरीबाहेर पडली नव्हती, पण जीभ शाबूत होती. "द्येव हलीवलाय तुमी," ती लेकाला म्हणाली. "ज्याचा त्यो द्येव, त्यास्नी बोलवा. त्यांची रीत करा. न्हाईतर म्या हळद-कुंकू लावनार न्हाई."

म्हणून सावित्राबाईला बंगल्यावर बोलावणं गेलं. मागच्या दारानं, अर्थात. रावसाहेबांनी रीत विचारली. ती म्हणाली, "तिजंला तेलाचं न्हान घालत्यात. तेल कढत पायजे. आन् वतायचं घरच्या थोरल्या बाईनं."

"किती तेल?"

वाडी दरसाल पळीभर तेल कोमट करून बोटानं लावायची. सावित्राबाईनं बंगल्याकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं. "आमी गरीब, आमचं पळीभर," ती म्हणाली. "तुमी येवढं मोठं. घागरभर तरी पायजे."

रावसाहेबांची छाती फुगली. त्यांनी दोन घागरी सांगितल्या.

तिजेच्या सकाळी फाटकाशी मांडव पडला. लोणावळ्यातले सगळे बंगलेवाले आले. प्रत्येकाच्या तोंडावर कौतुक आणि मनात जळफळाट. मामलेदार अध्यक्ष होता. तात्यासाहेबांनी पाऊण तास भाषण केलं. त्यात अरबस्तान आला, बिदर आलं, विजापूर आलं, सुलतान आले आणि सगळे जण हौशीरामांच्या मूळपुरुषाच्या जिवावरच राज्य करत होते असं निघालं. वाडीची माणसं मांडवाबाहेर उन्हात उभी होती. हे ऐकून सावित्राबाईला हसू आलं नाही, किळस आली. शेकडो वर्षं माणसं त्या घाटानं पाठीवर ओझी घेऊन चढली, त्यातलं एकही या पगडीत शिरलं नव्हतं.

मग कस्तुराबाईला धरून आणलं. दोन गड्यांनी घागर उचलली, म्हातारीनं हात लावला आणि कढत तेल दगडावर ओतलं. दुसरी घागर ओतली. शेंदूर आधी पाघळला, मग वरच्या बाजूनं चर्रकन भेग गेली, आणि पिढ्यान् पिढ्यांचं कवच एका दमात सुटून चौथऱ्यावर पडलं.

"कवच टाकलं! देवानं कवच टाकलं!" लोक हात जोडून उठले. आत दगड काळाभोर. "अक्षरं काल कोरल्यासारखी!" जो तो म्हणू लागला. बाळबोध अक्षरं, कुणालाही वाचता येतील अशी.

"वा! शिलालेख!" मामलेदार पुढे सरसावला. हा मान तात्यासाहेबांना जाऊ देईल तर तो मामलेदार कसला. घसा खाकरून त्यानं भारदस्त आवाज लावला आणि बोटानं ओळ धरत वाचू लागला.

"घाटीचे टाके खोदविले. मलिक ठाणेदार, वाटेचे सेठी आणि डोंगरीचे कोळी, तिही मिळोन. पाणी येतया जातया सकळांसि. हिंदू तुरुक न पाहणे. टाके कोळियांनी पिढी दरपिढी राखावे, पाणी खावे." इथं आवाज जरा अडखळला, पण वेग आला होता आणि ऐकायला शंभर माणसं होती. "हे पाणी जो अडवी, तेयाचिये माये गाढव..."

मामलेदार थांबला. खाली चित्र होतंच. कवच गेल्यावर त्यात न समजण्यासारखं काही उरलं नव्हतं. बंगलेवाल्यांच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मागे कुणी तरी फिस्सकन हसलं.

"म्होरं वाचा की," कस्तुराबाई म्हणाली.

"मातोश्री, पुढं झिजलंय."

"मगा तर कालच्यावानी हाय म्हनत व्हते सगळे. वाचा. कुनाच्या आयेला काय?"

मामलेदारानं वाचलं. या वेळी आवाज अगदी उंदराएवढा होता, पण मांडवात इतकी शांतता होती की शेवटचा शब्दही सगळ्यांना ऐकू गेला.

म्हातारीनं दगडावरच्या त्या आडव्या बाईकडे पाहिलं. मग लेकाकडे. "पानी कुनी अडीवलंय?"

रावसाहेब तात्यासाहेबांकडे बघू लागले, तात्यासाहेब तपकिरीच्या डबीकडे. म्हातारीची नजर मांडवाबाहेर गेली. "बाई, तू सांग."

"तुमच्या ल्योकानं," सावित्राबाई म्हणाली. "फाल्गुनात तार घातली. आमी झिऱ्यातनं वाटीनं भरतो. माजी सून दोनदा पडली."

"गुलाबांसाठी..." रावसाहेब म्हणाले.

"अरं मेल्या!" कस्तुराबाईचा आवाज फाटला. "लगीन व्हायच्या आदी बापासंगं कोकनातनं मीठ आनायला म्या ह्याच वाटंनं गेलते. घाट चडून त्वांड कोरडं पडायचं, तवा ह्यांच्याच बाया पानी काडून घालायच्या. जात न्हाई इचारली कुनी. आन् तू माज्या नावावर ही शिवी इकत घेतलीस? वर हातभर संगमरवर लावून, दारात?"

आता मात्र ती रडू लागली. शंभर माणसांसमोर, मोठ्यानं, गावाकडच्या बाया रडतात तशी. रावसाहेबांच्या अंगावरचा जरीचा कोट एकाएकी कुणाचा तरी मागून आणल्यासारखा दिसू लागला. त्याच कोटानं ते टाक्यावर गेले आणि आईच्या हुकमानं स्वतःच्या हातांनी तार सोडू लागले. काटे लागून बोटं रक्ताळली. वाडी बघत उभी राहिली. कुणी मदतीला गेलं नाही. मामलेदारानं स्वतःच्या तोंडानं लेख वाचला होता, तेव्हा कागद मागायला त्याला जागा उरली नव्हती. टाकं वाडीच्या वहिवाटीचं असल्याचं त्यानं मांडवातच, चौथऱ्यावर कागद ठेवून, लिहून सही केली आणि जेवायला न थांबता निघून गेला.

संध्याकाळच्या आत दगड जागेवर गेला. रावसाहेबांना तो क्षणभरही दारात नको होता.

सावित्राबाई टाक्यात हंडा बुडवत होती तेव्हा तात्यासाहेब तिथं आले. हातात वही होती. लेख उतरवून घ्यायचा होता. पुण्याच्या इतिहाससंशोधकांच्या मंडळासाठी आता त्याच्यावर निबंध लिहायचा होता. शोध लावणारा म्हणून कुणाचं नाव पडणार हे सावित्राबाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

"बाई, तुम्हांला ठाऊक होतं तर तुम्ही आधी का नाही बोललात?" त्यांनी विचारलं.

सावित्राबाईनं हंडा उचलून काठावर ठेवला आणि हात पदराला पुसले.

"बोलले व्हते की," ती म्हणाली. "तुमी आंबा खात व्हता."